आर्थिक धोरणाला आव्हान: कपात प्रस्ताव की अविश्वास?

लोकसभेत सरकारच्या आर्थिक धोरणाला नेमकेपणाने धरायचे असेल, तर कपात प्रस्तावच, म्हणजे मंत्रालयाने मागितलेल्या खर्चाची रक्कम (मागणी) कमी करण्याचा प्रस्तावच, सरस. त्यातही धोरण कपात: 'मागणी 1 रुपयापर्यंत कमी करावी' असे म्हणताना आक्षेप कोणत्या धोरणावर आहे ते स्पष्ट लिहावे लागते, चर्चा त्याच मुद्द्यापुरती राहते आणि पर्यायी धोरणही मांडता येते. खतांच्या दरासारखी एखादीच तक्रार असेल तर 100 रुपयांची प्रतीकात्मक कपात पुरते. सूचना किमान एक दिवस आधी द्यावी, नाहीतर आक्षेप येतो. व्याजासारखा भारित खर्च निवडू नका, त्यावर मतदानच नसते.

खरा घात होतो गिलोटीनमुळे. वेळ संपला की उरलेल्या मागण्या चर्चेविना मतास टाकल्या जातात, म्हणून आपले मंत्रालय चर्चेच्या यादीत यावे यासाठी कामकाज सल्लागार समितीत आधीच आग्रह धरायला हवा.

अविश्वास प्रस्तावाला 50 सदस्यांचा पाठिंबा लागतो, कारण द्यावे लागत नाही. व्याप्ती मोठी, पण महागाईचा मुद्दा इतर दहा विषयांत हरवतो. एप्रिल 2010 मध्ये इंधन आणि खतांच्या दरवाढीवर विरोधकांनी कपात प्रस्ताव आणले. ते फेटाळले गेले, तरी बहुमतासाठी सरकारला बसपची मदत घ्यावी लागली.