मुलींचा फुटबॉल, छोटी शाळा, कोल्हापूर : एका पालकाचा तीन वर्षांचा अनुभव

माझी धाकटी लेक 2025 ला दहावी पास होऊन शाळेतून बाहेर पडली. 2022 च्या जूनमध्ये आठवीला तिला या शाळेत घातलं ते केवळ मुलींच्या फुटबॉलसाठी. तीन वर्षांत जे बघितलं ते लिहितोय. शाळेचं नाव टाकत नाही. संघ चौदा जणींचा, सगळ्या लहान. नाव टाकलं की एकेक पोरगी ओळखू येईल. पण लेकीसाठी अशी शाळा शोधणाऱ्या आईबापांना काय बघायचं आणि काय विचारायचं, हे यातून कळावं.

मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत क्वालिटीला आहे. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, वरून चांगलं दिसतं, आतलं ब्लोहोल (हवेची पोकळी) मशिनिंगला लावल्यावर सापडतं. त्यामुळं कपाटातल्या ट्रॉफ्या बघून मी शाळा ठरवली नाही. तशा तिथं ट्रॉफ्या होत्याच किती, दोन. ॲडमिशनच्या आधी सेकंड शिफ्टच्या आठवड्यात चार दिवस सकाळी जाऊन मैदानाच्या कडेला उभा राहिलो. दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. एक, दहावीच्या तीन मुली सरावाला होत्या. बाकी शाळांत नववी लागली की मुलींचा खेळ बंद, कारण क्लास, वयात येणं आणि 'लोक काय म्हणतील'. दुसरी, मैदानालगतच मुलींसाठी कपडे बदलायची खोली होती. आतून कडी, नळाला पाणी, झाकणाची कचरापेटी. हे वाचताना किरकोळ वाटेल. पण पाळीच्या दिवसांत पोरगी सरावाला येणार की घरी बसणार, हे त्या खोलीवर ठरतं.

फुटबॉल मला नवा नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी या तालमी-मंडळांच्या संघांचे सामने बघत लहानाचा मोठा झालो. पेठेत तालमीचा झेंडा आणि फुटबॉल घरातलाच. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडनं खेळला तेव्हा आपलाच पोरगा खेळतोय असं सगळ्या गावाला वाटलं. पण त्या सगळ्या वर्षांत पोरगी मैदानात उतरेल असं आमच्या घरात कुणाच्या मनात आलं नव्हतं. ते धाकटीनंच काढलं.

शिकवणाऱ्या मॅडम क्रीडाशिक्षिका आहेत, त्यांनी फुटबॉल महासंघाचं डी लायसन्स, म्हणजे प्रशिक्षकाचं लायसन्स, केलंय. सराव आठवड्यातून पाच दिवस, सकाळी सव्वासहा ते साडेसात. पहिली वीस मिनिटं बॉलला कुणी हात-पाय लावत नाही. फिफा 11 प्लस नावाचा वॉर्मअप आहे: हळू धावणं, मग पोट, मांड्या, तोल आणि उड्यांचे व्यायाम, शेवटी वेगानं धावणं. सुरुवातीला मलाही वाटलं, पोरी खेळणार कधी? मॅडमनी मला बाजूला घेऊन समजावलं. वयात येणाऱ्या मुलींत गुडघ्याचा लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) तुटायचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं आणि हा वॉर्मअप नियमानं केला तर दुखापती बऱ्याच कमी होतात. उडी मारून खाली येताना गुडघे आत वळतात का, हे त्या समोर बसून एकेकीचं बघतात. तीन वर्षांत गुडघ्याची एकही मोठी दुखापत झाली नाही.

मला सगळ्यात पटलेलं काम मैदानाबाहेरचं आहे. पहिल्या वर्षी गणपतीनंतर मॅडमनी सगळ्या आयांना बोलावलं आणि मुलींचं हिमोग्लोबिन तपासून घ्या म्हणून सांगितलं. आमच्या पोरीचं 9.8 निघालं, बारा पाहिजे होतं. आमच्याकडं खायला कमी नाही, तरी हे. मग कळलं की सरकारच्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 2019-21 च्या, देशातल्या 15 ते 19 वयाच्या शंभरातल्या 59 मुलींना रक्त कमी आढळलं होतं. पोरगी सामन्याच्या उत्तरार्धात दमून उभी राहायची त्याला आम्ही आळस म्हणत होतो. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळीवर लगेच चहा बंद, लिंबू सुरू. सकाळी सरावानंतर डब्यात शेंगदाणे-गूळ किंवा नाचणीची भाकरी. तीन महिन्यांनी 11.6. त्या वर्षीच्या शेवटच्या सामन्यात ती पूर्ण वेळ पळाली. घरी येऊन आईला म्हणाली, "आज मी शेवटपर्यंत बॅक खेळलो, बदली झालोच नाही." पोराची भाषा आमच्याकडं पोरीही बोलतात, बाहेरगावच्यांनी नवल करू नये.

आता निकाल, कारण विचारणारे तेच आधी विचारतात. शहरातल्या शाळा आधी मनपास्तरावर (महानगरपालिका पातळीवर) खेळतात, जिंकलं तर विभागीय. पहिल्या वर्षी मनपास्तरावर पहिल्याच सामन्यात 0-6. समोरच्या शाळेत दोन हजार पोरं, आमच्याकडं आठवी ते दहावीच्या सगळ्या मिळून एकसष्ट मुली, त्यातल्या चौदा. दुसऱ्या वर्षी उपांत्य फेरीत टायब्रेकरवर हरलो. तिसऱ्या वर्षी भर पावसात मनपास्तर जिंकलो, 1-0. मैदानात इतकं पाणी की पास पुढं सरकत नव्हता. पोरींनी बॉल वरून खेळायचं आपसांत ठरवलं, मॅडम बाहेरनं ओरडल्याही नाहीत. विभागीयला सांगलीच्या संघाकडून 1-3 नं गेलो. तो संघ आमच्यापेक्षा चांगला होता, विशेषतः त्यांची मधली फळी. आमच्या एका मुलीची राज्याच्या निवड चाचणीसाठी निवड झाली. एवढीच कमाई. पण त्या चौदांतल्या एकीनंही तीन वर्षांत खेळ सोडला नाही, आणि माझ्या हिशेबात हा आकडा सगळ्यात मोठा.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. 2022 च्या दिवाळीच्या सुट्टीत शाळेनं ट्रॅव्हलर करून मुलींना नवी मुंबईला डी. वाय. पाटील स्टेडियमवर नेलं. 30 ऑक्टोबर, सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्डकपची फायनल, स्पेन विरुद्ध कोलंबिया. माणशी अकराशे रुपये पडले. मी सोबतीला गेलो होतो. भारताच्या मुली आधीच गटातले तिन्ही सामने हरून बाहेर पडल्या होत्या, अमेरिकेकडून तर 0-8, त्यामुळं आमच्या पोरी थोड्या हिरमुसलेल्या. फायनलमध्ये शेवटच्या काही मिनिटांत कोलंबियाच्या खेळाडूकडनं स्वतःच्याच जाळ्यात बॉल गेला आणि स्पेन 1-0 नं जिंकलं. परतताना गाडीत मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "आपल्यातल्या कुणाकडनं असा गोल झाला तर पहिल्यांदा तिच्याकडं कोण जाणार?" कुणी काही बोललं नाही. पुढच्या वर्षी, त्याच टायब्रेकरवर गेलेल्या सामन्यात, आमच्या धाकटीच्याच पायाला लागून बॉल आत गेला. गोलकीपर मुलगी बॉल उचलायच्या आधी तिच्याकडं पळत आली, तिचं तोंड दोन्ही हातांत धरून काहीतरी बोलली. काय बोलली ते दोघींनी मला अजून सांगितलेलं नाही.

ज्या गोष्टी खटकल्या त्याही लिहितो. मैदान लाल मातीचं, उन्हाळ्यात दगडासारखं, पडलं की कोपरं-गुडघे सोलतात. गोलकीपरला वेगळं शिकवणारं कुणी नाही; ती बिचारी दोन वर्षं मोठ्या मापाचे ग्लोव्ह्ज घालून स्वतःच शिकली. पहिल्या वर्षी एका मुलीचा घोटा मुरगळला तेव्हा मैदानावर साधा बर्फही नव्हता, स्प्रे मारून बसवून ठेवलं आणि घरी फोन तासाभरानं. मी त्यावर शाळेत जाऊन बराच बोललो. त्यानंतर बर्फाची पेटी आली, आणि फोन आधी पालकांना, मग बाकी सगळं, असा नियम झाला. दहावीच्या मुलींना दिवाळीनंतर सरावातून काढायचं शाळेच्या मनात होतं. पालकांनी एकत्र बसून आठवड्यातून पाचाऐवजी तीन दिवसांवर तोड काढली.

खर्च: शाळेची वर्षाची खेळाची फी तेव्हा पंधराशे होती. बूट वर्षाला एक जोड, मी आठ-नऊशेचे घेत आलो. महागाचे घेऊ नका, या वयात पाय वाढतो. शिनपॅड (नडगीला लावायची ढाल) मात्र स्वस्तातले घेऊ नका. दहावीला क्रीडागुणांची सवलत मिळते, पण त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडं जावा लागतो. प्रमाणपत्रं प्लॅस्टिक फोल्डरमध्ये घालून ठेवा आणि स्वतः पाठपुरावा करा.

2025 च्या 5 जुलैला भारताच्या बायकांच्या संघानं थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 नं हरवून आशियाई कपात जागा मिळवली, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. आमच्या घरी त्या दिवशी शाळेतल्या नऊ मुली जमल्या होत्या, दहावी झालेल्याही आणि आठवीतल्याही. धाकटी आता अकरावीला दुसऱ्या कॉलेजात गेलीय, तिथं मुलींचा संघ नाही. म्हणून शनिवारी सकाळी ती जुन्या शाळेत जाते. मॅडमनी तिला आठवीच्या पोरींचा वॉर्मअप घ्यायला लावलंय. गेल्या शनिवारी मी सोडायला गेलो होतो. एकवीस मुली होत्या, आणि धाकटी खाली उकिडवी बसून एकेकीचे गुडघे बघत होती.