गच्ची मोजली की माझा खिसा?

रोहिण्या लागल्या होत्या आणि आमच्या चिपळूणच्या घराची गच्ची यंदाही गळणार हे दिसत होतं. ओळखीतून एक वॉटरप्रूफिंगवाला आला. चहा घेता घेता त्याने सहज विचारलं, "किती धरलेत साहेब या कामाला?" मीही शहाण्यासारखा सांगून मोकळा झालो, "65 हजारांपर्यंत."

मग टेप निघाली. माप 972 चौरस फूट, दर 65 रुपये, एकूण 63,180. बजेटात बसलं म्हणून मी खूश! 40 हजार ॲडव्हान्स लगेच यूपीआयने दिले, कारण "पाऊस पडला की माल धरत नाही, उद्याच सुरू करू."

गच्ची मी स्वतः मोजली ती ऑगस्टमध्ये. 30 बाय 22, म्हणजे 660. भोवतीचा कठडा 3 फूट उंच. त्याने तो पुरता धरला होता, 312 चौरस फूट. कोटिंग मात्र फूटभरच वर चढवलं होतं. न केलेल्या 208 फुटांचे 13,520 रुपये मी मोजले होते.

तेही एक वेळ सोडलं असतं. पण व्हॉट्सॲपवर त्याने लिहून दिलं होतं, "पोकळ वाजणारा कोबा फोडून, उतार काढून, वर तीन हात कोटिंग." मी दोन्ही दिवस ऑफिसात. आईचे गुडघे धरलेले, ती जिना चढत नाही. संध्याकाळी ओटीवर बसल्या बसल्या म्हणाली, "फोडतायत म्हणे, पण घणाचा आवाज काही आला नाही हो. आणि राबिट कुठाय?" खरंच, एक पाटी राबिट खाली उतरलं नव्हतं. मी म्हटलं, "आई, हल्ली मशीन असतं." नवा कोबा घातला तर आठवडाभर त्यावर पाणी ठेवावं लागतं, हे मला ठाऊक होतं. तरी दोन दिवसांत गच्ची पांढरीशुभ्र झालेली बघून उरलेले पैसे रोख देऊन टाकले.

ऑगस्टमध्ये कोपऱ्यात कोटिंगला ताटाएवढा फुगा आला. नखाने सोलला तर पचकन पाणी उडालं. खाली जुनाच कोबा, शेवाळासकट.

फोन आता उचलला जात नाही. "बिल घेतलंत तर 18 टक्के जीएसटी वर" म्हणाला म्हणून पक्कं बिल नाही, आणि 10 वर्षांच्या गॅरंटीच्या कागदावर ना सही ना शिक्का. ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत जाता येतं, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. यूपीआयची नोंद आणि तो मेसेज, एवढ्यावर तक्रार तयार करतोय.

मेहुणा आधीच म्हणाला होता, "कोटिंग काय, ब्रशने आपणच मारू." ते बरोबरच होतं. पण उतार काढणं माझ्या हातचं नाही. शंभर फुटांना फूटभर तरी ढाळ हवा, तो चुकला तर पाणी कोपऱ्यातच बसणार. म्हणून या उन्हाळ्यात गवंडी रोजावर घेतला, सिमेंट-वाळू मी आणली आणि फोडायच्या दिवशी रजा टाकली. पाटी पाटी राबिट खाली येताना आई ओटीवरून मोजत होती. सदतीस भरल्या.

पाइपाचं तोंड बांधून गच्चीत तीन दिवस पाणी उभं केलं. चौथ्या दिवशी छत कोरडं दिसलं, मगच गवंड्याचे राहिलेले पैसे दिले. ब्रश मेहुण्याने आणलाय.