मेडल राहून गेलंय: रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, आरटीआय की थेट ट्रिब्युनल?

मराठवाड्यात गावोगाव माजी सैनिक आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार एकच असते, सर्व्हिस पूर्ण केली, लढाईच्या एरियात राहिलो, पण डिस्चार्ज बुकात (फौज सोडताना मिळतं ते सर्व्हिसच्या नोंदींचं पुस्तक) मेडलची नोंद नाही, नाहीतर नोंद आहे पण मेडल हातात आलंच नाही. मग कुणी सांगतं कलेक्टर ऑफिसला जा, कुणी म्हणतं वकील कर, कुणी म्हणतं आरटीआय टाक, आणि माणूस वर्षानुवर्षं नुसता विचारच करत राहतो. म्हणून हे सगळे रस्ते एकासमोर एक ठेवून लिहितोय, कुठला कुणाला लागू पडतो ते.

एक गोष्ट आधीच सांगतो. संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल, नऊ वर्षांचं लाँग सर्व्हिस मेडल, असल्या मेडलला पेन्शनमध्ये एक रुपया वाढत नाही, त्यामुळे "मिळून काय उपयोग" असं म्हणणारे घरातच भेटतात. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. माणसानं जिवाची बाजी लावून जी नोकरी केली तिचा हिशोब कागदावर बरोबर असलाच पाहिजे, आणि १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला किंवा २६ जानेवारीला छातीवर मेडल लावून उभं राहायचा त्याचा हक्क आहे. शौर्यपदकाचं वेगळं, त्याच्याबरोबर सरकारचे आर्थिक लाभ येतात, पण त्याचा रस्ताही वेगळा आहे, पुढं येतो त्यावर.

रस्ता निवडायच्या आधी डिस्चार्ज बुक काढा आणि मेडलचं पान नीट बघा. सगळं यावर ठरतं. नोंद आहे अन् मेडल मिळालं नाही, ही सोपी केस. नोंदच नाही पण तुम्ही त्या काळात त्या एरियात होतात, ही मधली केस. आणि "साहेबांनी नाव पाठवलं होतं, शौर्यपदक मिळायला पाहिजे होतं", ही सगळ्यात अवघड.

आमचे एक मामा परभणी जिल्ह्यातले, १९७१ ला पश्चिम सीमेवर होते. त्यांच्या डिस्चार्ज बुकात संग्राम मेडल निळ्या शाईत लिहिलेलं, शिक्का मारलेला, आणि त्याच्या खाली पेन्सिलीनं फक्त "पश्चिमी स्टार" (पश्चिम सीमेवरच्या लढाईचं वेगळं मेडल) एवढेच शब्द, ना सही ना शिक्का ना ऑर्डर नंबर. म्हणजे कुणाला तरी माहीत होतं की यांना हे बसतं, पक्कं करायचं मात्र राहून गेलं. मामा म्हणायचे, "लेकरा, मला आता मिरवायचं नाही, पण माझ्या कागदावर तर लिवा ना." अशा पेन्सिलीच्या नोंदीचा कोर्टात पुरावा म्हणून फार उपयोग होत नाही पण शोध कुठून सुरू करायचा ते ती सांगते, त्यामुळे खोडू नका, तसाच फोटो काढून ठेवा.

आता पहिला रस्ता, रेकॉर्ड ऑफिसला साधा अर्ज. जवान आणि जेसीओ (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) लोकांचं सगळं रेकॉर्ड त्यांच्या त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला असतं, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं (इंजिनिअर) खडकीला, सिग्नलचं जबलपूरला, ईएमईचं (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारे) सिकंदराबादला. एअर फोर्सवाल्यांचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. हा अर्ज स्वतः पोस्टानं पाठवता येतो किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत. मी म्हणतो कार्यालयामार्फतच पाठवा आणि एक कॉपी स्वतः रजिस्टर्ड पोस्टानं पण टाका, कारण कार्यालयाच्या पत्राला जावक नंबर असतो, पुढं कधी ट्रिब्युनलला (सैन्यदल न्यायाधिकरण, फौजींच्या केसचं वेगळं कोर्ट) जायची वेळ आली तर तोच तारखेचा पुरावा होतो. याचा फायदा काय, तर खर्च जवळपास शून्य आणि नोंद असलेल्या केसमध्ये बहुतेक वेळा एवढ्यावरच काम होतं. तोटा काय, तर उत्तर द्यायची पक्की मुदत नाही, आणि उत्तर आलं तरी कधीकधी "रेकॉर्ड तपासलं, हक्क आढळला नाही" असं एका ओळीत येतं, कशावरून आढळला नाही ते लिहीत नाहीत.

अर्जात काय लिहायचं हे मात्र महत्त्वाचं. नुसतं "माझं मेडल द्या" लिहून भागत नाही. सर्व्हिस नंबर, रँक, नाव, युनिट, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कुठं होतात, आणि कुठलं मेडल, एवढं सगळं पाहिजे. मेडलच्या अटी वेगवेगळ्या आहेत. उच्च तुंगता मेडलला ९००० फुटांच्या वर १८० दिवस लागतात. ऑपरेशन विजयमध्ये (कारगिल) स्टार वेगळा अन् मेडल वेगळं, स्टार प्रत्यक्ष लढाईच्या भागात होते त्यांना. श्रीलंकेत शांतिसेनेत गेलेल्यांना स्पेशल सर्व्हिस मेडल असतं, त्यावर श्रीलंकेचा क्लास्प (रिबनवरची नावाची पट्टी). आपल्याला कुठलं बसतं ते न बघता पाच-सहा मेडलची यादी टाकली तर क्लार्क सगळ्याच अर्जाकडं संशयानं बघतो, म्हणून जे पक्कं आहे तेच मागा.

दुसरा रस्ता आरटीआय. बरेच जण याला अर्जाच्या ऐवजी वापरतात, ते बरोबर नाही. आरटीआयनं मेडल मिळत नाही, माहिती मिळते. पण मधल्या केसमध्ये, म्हणजे नोंदच नाही अशा वेळी, मला हाच सगळ्यात कामाचा रस्ता वाटतो. फी १० रुपये, केंद्राच्या आरटीआय पोर्टलवरून घरबसल्या टाकता येतो, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं, नाही दिलं तर ३० दिवसांत पहिलं अपील आणि त्यालाही समाधान झालं नाही तर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडं दुसरं अपील. साध्या अर्जात ही मुदतीची ताकद नाही. यात मागायचं काय, तर स्वतःच्या शीट रोलची (सर्व्हिसच्या नोंदींचा कागद) कॉपी, मेडलबद्दलच्या पार्ट टू ऑर्डरचा (जवानाच्या नोंदी चढवायचा युनिटचा हुकूम) नंबर आणि तारीख, लाँग रोलमधली (भरती झालेल्यांचं कायमचं रजिस्टर) नोंद, आणि मेडल पाठवलं असेल तर कुठल्या पत्त्यावर, कुठल्या तारखेला. "मला मेडल का दिलं नाही" असा प्रश्न विचारू नका, कारण विचारलं की "हा माहितीचा प्रश्न नाही" म्हणून परत येतं. कागद मागा, कागद.

मामांच्या केसमध्ये नेमकं हेच कामी आलं, आरटीआयच्या उत्तरात युनिटचा त्या काळातला पार्ट टू ऑर्डर नंबर आला, तो जोडून परत अर्ज केला तेव्हा कुठं फाइल हलली. आधीच्या अर्जाला वर्षभर साधी पोच नव्हती.

यात एक अडचण आहे ती सांगितली पाहिजे. ज्यांना पेन्शन बसली नाही, म्हणजे थोडी सर्व्हिस करून बाहेर आलेले, त्यांचे कागद साधारण २५ वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे. मग "रेकॉर्ड उपलब्ध नाही" असं उत्तर येतं. तिथं हात टेकू नका, लाँग रोल कायम ठेवायचा असतो, तो मागा. आणि घरातली जुनी पत्रं, बदलीचे कागद, युनिटमधला ग्रुप फोटो, सोबतच्या फौजींचं प्रतिज्ञापत्र, हे सगळं जमवा. एकेकाचं वजन कमी, पण एकत्र जोडलं तर बरंच.

सीआरपीएफ, बीएसएफवाल्यांनी नीट वाचा, कारण आपल्या भागात ते पण कमी नाहीत, मुदखेडलाच सीआरपीएफचं ट्रेनिंग कॉलेज आहे. आर्मी आरटीआयच्या कक्षेत आहे पण सीआरपीएफ, बीएसएफ आणि आसाम रायफल्स कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत, भ्रष्टाचार आणि मानवी हक्क सोडून बाकी माहिती द्यायला ते बांधील नाहीत. सीआरपीएफ, बीएसएफची केस ट्रिब्युनलमध्येही चालत नाही. त्यांना खात्याकडं अर्ज आणि मग हायकोर्ट, म्हणजे आपल्याला छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ.

केंद्राच्या तक्रार पोर्टलबद्दल थोडक्यात. तिथं तक्रार टाकली की २१ दिवसांत निपटारा करायचा असं धोरण आहे, पण निपटारा म्हणजे तक्रार बंद, काम झालं असं नाही. अर्ज कुठं अडकलाय हे कळायला बरं. स्पर्श पोर्टल पेन्शनचं आहे, तिथं मेडलसाठी वेळ घालवू नका.

आता शेवटचा रस्ता, आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल. २००७ चा कायदा आहे, आपल्याला मुंबई खंडपीठ लागतं, रिटायर माणसाला जिथं राहतो तिथल्या खंडपीठात केस टाकता येते. इथं ताकद खरी आहे, ट्रिब्युनल रेकॉर्ड ऑफिसला मूळ कागद घेऊन हजर करू शकतं आणि नोंद दुरुस्त करायचा आदेश देऊ शकतं. पण थेट जाता येत नाही. आधी खात्याकडं अर्ज केलेला पाहिजे, तो फेटाळला तर सहा महिन्यांच्या आत, आणि सहा महिने उत्तरच आलं नाही तर त्या पुढच्या सहा महिन्यांत केस टाकायची. उशीर झाला असेल तर कारण देऊन माफी मागता येते, पण ती मिळेलच असं धरून चालू नका. म्हणून वर म्हटलं की अर्जाची तारीख आणि पोच जपा. खर्च वकिलावर अवलंबून, शिवाय तारखेला नांदेडहून नंदीग्राम नाहीतर तपोवन पकडून मुंबई गाठायची, सत्तरीच्या माणसाला ते झेपतं का ते घरच्यांनी आधी बघावं. वकिलाच्या फीचं ओझं होत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा, २०२५ पासून सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी मोफत कायदेशीर मदतीची वेगळी योजना सुरू झालीय.

शौर्यपदकाचं सांगायचं राहिलं होतं. पदक जाहीर झालं आणि फक्त तुमच्या कागदावर चढलं नाही तर भारताच्या राजपत्रात नाव असतं, ते काढा, त्यापुढं कुणाचं काही चालत नाही. पण जाहीरच झालं नाही, नुसती शिफारस होती, तर कोर्ट सहसा हात घालत नाही, कुणाला पदक द्यायचं हा सैन्याचा निर्णय मानतात. २०१० साली ट्रिब्युनलच्या दिल्लीच्या मुख्य खंडपीठानं ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या केसमध्ये कारगिल युद्धातल्या बटालिक भागाचा अहवाल चुकीचा लिहिला गेला हे मान्य करून नोंद दुरुस्त करायला सांगितलं होतं. म्हणजे घडलं ते खरं लिहा, एवढं कोर्टाकडं मागता येतं. पदक द्या म्हणून मागणं त्याच्यापेक्षा फार अवघड. अशा केसमध्ये घर गहाण ठेवून वकील लावा असं मी कुणालाच सांगणार नाही.

आणि दुकानातून मेडल विकत घेऊन लावणं हा रस्ता नाहीच. खऱ्या मेडलच्या कडेवर नंबर, रँक आणि नाव कोरलेलं असतं, तळहातावर घेऊन तिरकं धरलं की बारीक अक्षरं दिसतात. हक्काचं मेडल मंजूर आहे पण यायला वेळ लागतोय म्हणून कुणी बाजारातलं लावलं तर ती गोष्ट वेगळी, पण नोंद नसताना लावू नका, उद्या कुणी चारचौघात विचारलं तर खऱ्या फौजीला मान खाली घालावी लागेल.

तेव्हा माझं मत असं, डिस्चार्ज बुकात नोंद असेल तर फक्त सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज, वकिलाकडं जाऊच नका. नोंद नसेल तर आधी आरटीआय, कागद हातात आल्यावर अर्ज. लेखी नकार आला किंवा सहा महिने काहीच आलं नाही आणि हातात पार्ट टू ऑर्डर किंवा तसा ठोस कागद असेल तरच ट्रिब्युनल. ठोस कागद नसेल तर अजून एक आरटीआय करा, मुंबईचं तिकीट नंतर काढा, फक्त ट्रिब्युनलची मुदत टळू देऊ नका.

वडील वारले असतील तर आईच्या नावानं अर्ज करा, आई नसेल तर मुलानं किंवा मुलीनं, सोबत मृत्यू दाखला, डिस्चार्ज बुकाची कॉपी आणि पीपीओ (पेन्शनचा आदेश) जोडा, आईचं नाव आधार कार्डावर आणि सैन्याच्या कागदावर वेगळं असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर मेडलची फाइल त्या नावापाशीच अडकून पडते.