सुती कागद आणि सहा ट्यूब: झाडं रंगवताना काय उपयोगी पडलं, काय नाही

झाडं आणि बागा जलरंगात करायच्या असतील तर पैसे आधी कागदावर घाला, मग ब्रशवर, आणि रंगांवर सगळ्यांत शेवटी. शंभर टक्के सुती, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कोल्ड प्रेस, म्हणजे थोडा खरबरीत कागद आणि रंगांच्या सहाच ट्यूब घेऊन उन्हाळा आणि अख्खा पावसाळा काढल्यावर बनलेलं हे मत आहे.

ब्लॉकपेक्षा (कडा चिकटवलेल्या कागदांच्या गठ्ठ्यापेक्षा) पूर्ण ताव घ्या. २२ बाय ३० इंची तावाचे आठ तुकडे केले की साडेसात बाय अकराचे कागद निघतात. बागेत बसून एका बैठकीत संपवायच्या चित्राला एवढा आकार भरपूर झाला. मात्र ३०० जीएसएमलाही ओलं केल्यावर थोडा बाक येतो, म्हणून चारही कडा टेपने फळीवर पक्क्या चिकटवायच्या.

सुती आणि लाकडाच्या लगद्याचा कागद यांतला खरा फरक झाडाचा घेर भरताना कळतो. लगद्याच्या कागदावर पाणी वरच्यावर राहतं आणि कुठे लवकर, कुठे उशिरा वाळतं. आंब्याची उजवी बाजू भरेपर्यंत डावी कड सुकायला आलेली असते. तिथे पुन्हा ओला ब्रश टेकला की कातरलेल्या कडेचा डाग उठतो. सुती धागा पाणी आत धरून ठेवतो, त्यामुळे आधी पिवळसर हिरवा पसरून तो ओला असतानाच खालच्या अंगाला गडद हिरवा सोडायला वेळ मिळतो. वर दोन-तीन हात दिले तरी खालचा थर सहसा हलत नाही. पण त्याचाच तोटा असा, की वाळलेला रंग ओल्या ब्रशने उचलून उजेड काढणं इथे अवघड जातं. उन्हाची पानं आधीच कोरी सोडावी लागतात.

रंग असे: लेमन यलो, न्यू गॅम्बोज (केशरी झाकेचा पिवळा), अल्ट्रामरीन (जांभळट निळा), थॅलो ब्लू (प्रखर निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), क्विनाक्रिडोन रोज (गुलाबी). हिरवी ट्यूब एकही नाही, आणि ती लागलीही नाही. तयार सॅप ग्रीन बहुतेक वेळा दोन-तीन रंगद्रव्यांचं मिश्रणच असतं आणि प्रत्येक कंपनीचं वेगळं. ट्यूबवरचे रंगद्रव्यांचे कोड वाचायची सवय लावा. नाव एकच असलं तरी आतला माल एकच असेल असं नाही.

आंब्याच्या जून पानांना गॅम्बोज आणि अल्ट्रामरीन, त्यात बर्न्ट सिएनाचं टोक. आंब्याच्या तांबूस कोवळ्या पालवीला बर्न्ट सिएनात क्विनाक्रिडोन रोज. हिरवळ आणि उन्हात उजळलेलं केळीचं पान लेमन यलो आणि थॅलोतून येतं, पण थॅलो अगदी ब्रशच्या टोकाएवढाच घ्या. जरा जास्त झाला की सगळं प्लास्टिकसारखं दिसतं. झाडाच्या पोटातली काळपट सावली थॅलो आणि बर्न्ट सिएना दाट कालवून करायची, काळा रंग नको. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, म्हणून बर्न्ट सिएनाबरोबर तो खोडाला फार उपयोगी. मुंबईच्या राणीच्या बागेतल्या गोरखचिंचेसारखं रुंद, राखाडी खोड या जोडीने एका हातात होतं. वर साल रेखत बसावं लागत नाही.

गुलमोहरात घोळ हमखास होतो. ओल्या लालाला हिरवा लागला की दोघांचा मिळून मातकट तपकिरी. आधी फुलांचे झुबके टाका, ते पूर्ण वाळू द्या, मगच मधल्या जागांत हिरवा भरा. बोगनवेलीला क्विनाक्रिडोन रोज पातळ आणि निव्वळ वापरा. तिच्यासाठी चमकदार ऑपेरा गुलाबी घ्यायचा मोह होतो, पण त्यातला फ्लुरोसंट रंग उजेडात उडतो. चित्र भिंतीवर लावायचं असेल तर तो नकोच.

आता आभाळाच्या फटी. पानांमधून दिसणारं आभाळ बाहेरच्या आभाळाएवढंच फिकट ठेवलं तर भोवतीच्या गडद हिरव्यामुळे ते डोळ्यांवर येतं आणि झाडाला भोकं पाडल्यासारखी वाटतात. कोऱ्या सोडलेल्या फटींवर आभाळाचाच रंग एक घर गडद करून फिरवा, मोठ्या फटींतून एखादी फांदी आरपार न्या. फटी घेराच्या कडेकडे जास्त, मधे कमी. कडुलिंबात सढळ हाताने सोडा, आंब्यात मोजक्या; झाडाची ओळख बरीचशी इथेच ठरते. कडेची सुटी पानं दहा नंबरचा गोल ब्रश आडवा धरून, जवळजवळ कोरड्या रंगाने घासून येतात. पंखा ब्रश घेऊ नका, सगळी झाडं एकाच साच्यातली निघतात.

पावसाळ्यात मात्र या कागदाने त्रास दिला. अशा बऱ्याच कागदांना जिलेटिनची खळ असते, तिच्यामुळे पाणी लगेच आत जिरत नाही. ओल धरली की ती जागोजाग निकामी होते. कोरडा कागद बघून काही कळत नाही, वॉश (पातळ रंगाचा सलग हात) दिला की गडद ठिपके उमटतात, कारण तिथे टीपकागदासारखा रंग आत जातो. आधी कडेला पाण्याचा एक थेंब ठेवून बघा. लगेच जिरला तर त्या कागदावर आभाळ करू नका. ताव झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून, बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवायचे. मध घातलेले रंग त्या दिवसांत पॅलेटमध्ये नीट सुकत नाहीत आणि त्यांवर बुरशी येते. झाकण उघडं ठेवून पंख्याखाली वाळवून मगच मिटा.

मास्किंग फ्लुइड (लावलेली जागा कोरी राखणारा रबरी द्रव) गवताच्या पात्यांसाठी आणि बारीक फुलांसाठी ठीक आहे. ब्रश आधी साबणात बुडवा, नाहीतर केस कायमचे चिकटतात. उन्हात फ्लुइड सुकवू नका आणि दिवसभराच्या आत काढा. जास्त राहिलं तर निघताना कागदाचा पापुद्रा घेऊन निघतं.

सुती कागदाची किंमत लगद्याच्या कागदाच्या कितीतरी पट आहे, तेव्हा रंगमिश्रणाच्या पट्ट्या आणि छायाप्रकाशाचे कच्चे आराखडे स्वस्त कागदावरच करा. आणि फसलेलं चित्र फाडू नका. बहुतेक सुती कागदांची पाठही रंगवण्याजोगी असते, दाणा थोडा वेगळा लागतो इतकंच.