गवतात हरवलेलं विमान आणि भाड्याचा कॅमेरा

मी छंद म्हणून मॉडेल ग्लायडर उडवतो. खरं सांगायचं तर उडवण्यापेक्षा गुडघाभर गवतात ते शोधण्यातच जास्त वेळ जातो. साधा थर्मल कॅमेरा वापरून झाला. पण ग्लायडरला इंजिन नाही, म्हणजे स्वतःची ऊब नाही. दिवस कलताना पंख आणि गवत काही काळ एकाच तापमानाला येतात आणि पडद्यावर सगळं करडं होऊन जातं. सकाळीही तेच. म्हणून या वेळी आठवडाभरासाठी ध्रुवण, म्हणजे प्रारणाच्या लहरी कोणत्या एका दिशेत जास्त कंप पावतात ते, मोजणारा थर्मल कॅमेरा भाड्याने आणला.

पहिल्याच संध्याकाळी, आकाश निरभ्र असताना, साध्या चित्रात काही नव्हतं. ध्रुवणाचं चित्र लावलं आणि झुडपापलीकडे पंख लख्ख उठून दिसला. गुळगुळीत पृष्ठभागातून तिरकं बाहेर पडणारं अवरक्त प्रारण (उष्णतेच्या न दिसणाऱ्या लहरी) थोडं ध्रुवित असतं. गवताची पाती हजार दिशांना तोंड करून असतात, त्यामुळे त्यांचं आपसातच फिटतं. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकनने १८९५ मध्ये तापून उजळलेल्या पृष्ठभागांच्या ध्रुवित प्रकाशावर पीएचडी केली होती. मला हा माणूस फक्त तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजल्यामुळे माहीत!

आता तक्रारी. सेन्सरवर चार-चार पिक्सेलांच्या गटात ०, ४५, ९० आणि १३५ अंशांत बसवलेल्या, एकेका दिशेचीच लहर आत सोडणाऱ्या बारीक तारांच्या जाळ्या आहेत. चौघे मिळून एक उत्तर देतात, त्यामुळे बारकावा लांबीत निम्मा, रुंदीतही निम्मा. शिवाय चौघांची नजर किंचित वेगवेगळ्या जागी असल्याने काटक्यांच्या कडा उगाच चमकतात. दोनदा मी अशा काटकीमागे धावलो. एकदा डबक्यामागे. स्थिर पाणीही गुळगुळीतच की.

तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं आणि कॅमेरा जवळजवळ आंधळा झाला. मला वाटलं, बिघडला. पण कारण साधं आहे: पंखाचं स्वतःचं प्रारण एका दिशेत ध्रुवित, तर त्यावरून परावर्तित होणारं आकाशाचं प्रारण त्याला काटकोनात. निरभ्र आकाश थंड, म्हणून परावर्तन नगण्य. खालचे ढग उबदार असतात, ते हिशोब बरोबरीत आणतात. पुस्तिकेत याबद्दल एक ओळ नाही, बॅटरी कशी पुसावी यावर मात्र अख्खं पान!

ड्रोनला लावायचा असेल तर सरळ खाली रोखू नका. आडव्या पंखाकडे लंबरेषेतून पाहिलं तर ध्रुवण शून्याजवळ जातं. चांगलं तिरकं धरा.

विकत घेणार नाही, पण स्वच्छ आभाळ बघून पुन्हा भाड्याने नक्की आणेन. दोन्ही पंख मिळाले. शेपटीला मी हौसेने खरखरीत मॅट रंग दिला होता. ती अजून गवतातच आहे.