टाकणखार आणि बोरिक : आखाड्यावरच्या बांबूच्या खोलीचे पाच पावसाळे

वसमत तालुक्यात, काळ्या रानात आमचा आखाडा, म्हणजे शेतातली वस्ती, आहे. हळद काढायच्या दिवसांत तिथंच मुक्काम असतो. पहिली खोली आम्ही कच्च्या बांबूची बांधली, खांब सरळ मातीत पुरून. दुसऱ्या उन्हाळ्यात एका खांबाला हात टेकवला तर तो पुडीसारखा आत गेला. वरून साल शाबूत, आत नुसती माती. एकाकडून उधईची, म्हणजे वाळवीची, फवारणीही करून घेतली होती, लेखी गॅरंटीसकट. नंतर त्याचा फोन कधी लागला नाही.

म्हणून २०२१च्या खोलीला बांबू आधी बोरॅक्स आणि बोरिकच्या पाण्यात मुरवून घेतला. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार. बोरिक म्हणजे पोरं कॅरमवर टाकतात ती पावडर. दोन्ही नांदेडहून सुटं आणलं. प्रमाण तीनास दोन : ८०० लिटर पाण्याला २४ किलो टाकणखार आणि १६ किलो बोरिक. थंड पाण्यात ते लवकर विरघळत नाही, खाली बसतं. आधी थोड्या गरम पाण्यात ढवळून मग मिसळायचं. त्यासाठी हळद शिजवायची कढई घेऊ नका. मी जुना लोखंडी ड्रम वेगळा काढला.

बांबू किनवटकडचा, हिवाळ्यात तोडलेला. तेव्हा त्यात ओल कमी असते आणि किड्यांना आवडणारं पीठही कमी. १२ फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल चर खणून ताडपत्री अंथरली. हा बांबू जवळजवळ भरीव असतो, सळई आरपार जात नाही, म्हणून पेरापेराला ड्रिलनं बारीक भोक पाडलं. हे काम कंटाळवाणं आहे आणि पावडरीपेक्षा मजुरीच जास्त गेली. पण भोक नाही तर पाणी आत जात नाही. बांबू तरंगतात, वर दगड ठेवावे लागतात. आठ दिवस बुडवून तीन आठवडे सावलीत उभे वाळवले.

आता निकाल. छपराखालच्या एकाही मुरवलेल्या बांबूला आजवर काही लागलेलं नाही. शेवटी दोन बांबू कमी पडले म्हणून कच्चेच घातले होते, त्यांतून पहिल्याच वर्षी किड्यांनी पोखरलेलं पिवळं पीठ गळायला लागलं. याहून स्पष्ट पुरावा मला नको.

पण ओसरीचा एक खांब मिस्त्रीनं घाईत मातीत रोवला. मुरवलेलाच होता, तरी तिसऱ्या पावसाळ्यात खालून खाल्ला. हे टाकणखार-बोरिकचं मीठ पाण्यात विरघळतं, तसं ओल्या मातीत धुऊनही जातं. विकणाऱ्यानं हे सांगितलं नव्हतं, सांगायला हवं होतं. जमिनीला टेकणाऱ्या किंवा उघड्यावर भिजणाऱ्या लाकडाला याच्या भरवशावर ठेवू नका.

बाकीचे खांब वाचले ते तळखड्यांमुळे, म्हणजे खांबाखालच्या दगडांमुळे. सासऱ्यांचं माळवदाचं घर पडलं तेव्हाचे दगडी तळखडे मी टाकू दिले नव्हते. जुन्या घरांत सागाचा खांबसुद्धा कुणी मातीत पुरत नसे, दगडावर उभा करत. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्या भेगांतून उधई वर येते, म्हणून खोलीपुरती ती उपसून मुरूम भरला आणि दीड फुटाचं दगडी जोतं घातलं. उधई तरीही येते! फरक एवढाच की दगडावरून चढताना तिला मातीची नळी बांधावी लागते आणि ती डोळ्यांना दिसते. दर पंधरवड्याला मी खराटा घेऊन जोत्याभोवती फिरते, नळी दिसली की मोडते. कुडाची भिंत जमिनीपासून लिंपली असती तर ही नळी लिंपणाच्या आतूनच गेली असती.

एक चूक जीवाला लागली. उरलेलं पाणी मी बांधावर ओतलं. लिंबोणीची पानं कडेनं करपत गेली आणि झाड वाचलं नाही. या दोन्ही पावडरींतलं बोरॉन पिकाला चिमूटभर लागतं, जास्त झालं की विष. जनावरं आणि लेकरंही चरापासून लांब ठेवा. आमच्याकडे आठही रात्री कुणीतरी तिथं राखणीला झोपत होतं.

मी हे परत वापरीन. यंदा दिवाळीनंतर गोठ्याच्या छपरासाठी ४० बांबू मुरवायचे आहेत, आणि ओसरीच्या त्या खांबाखाली उरलेला शेवटचा तळखडा बसवायचा आहे.