रायझन ७ ५८००एक्स: ओव्हरक्लॉकिंग, तापमान आणि नागपूरचा उन्हाळा

रायझन ७ ५८००एक्स हा आठ कोअरचा प्रोसेसर मी अनेक महिन्यांपासून व्हिडिओ एडिटिंग आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधील रेंडरिंगसाठी (अंतिम चित्र तयार करण्यासाठी) वापरत आहे, आणि त्यात नागपूरचा एक पूर्ण उन्हाळाही आला. वेगाबद्दल मी मनापासून समाधानी आहे. तापमानाचा प्रश्न मात्र हा प्रोसेसर घेणाऱ्या बहुतेकांना पडतो, म्हणून त्याविषयीच सविस्तर लिहितो.

एएमडीने नोव्हेंबर २०२० मध्ये आणलेल्या या प्रोसेसरचा टीडीपी (कंपनीने जाहीर केलेला उष्णता-वीज आकडा) १०५ वॅट असला, तरी तो प्रत्यक्षात १४२ वॅटपर्यंत वीज घेतो. ही मर्यादा बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) पीपीटी या नावाने दिसते. याच मालिकेतील जास्त कोअरच्या ५९००एक्स आणि ५९५०एक्स यांनाही तीच मर्यादा आहे, परंतु त्यांचे कोअर दोन चिपलेटवर (सिलिकॉनच्या छोट्या तुकड्यांवर) विभागलेले असतात, तर ५८००एक्सचे आठही कोअर सुमारे ८० चौरस मिलिमीटरच्या एकाच चिपलेटवर दाटीने बसवलेले आहेत. एवढ्याशा जागेतून एवढी उष्णता वरच्या धातूच्या झाकणापर्यंत पोहोचण्यातच खरी अडचण आहे, आणि महागडा कूलर ती पूर्णपणे दूर करू शकत नाही. माझ्याकडे दोन टॉवरचा, दोन पंख्यांचा एअर कूलर आहे, आणि तरीही मूळ सेटिंगवर रेंडर सुरू केला की तापमान ९० अंशांच्या कमाल मर्यादेला टेकत असे.

दोष नेमका कुठे आहे, हे तापमान कसे चढते त्यावरून बरेचसे कळते. भार पडताच क्षणार्धात ९० अंश गाठले जात असतील आणि वीज मात्र शंभर वॅटच्या आतच असेल, तर हीटसिंक (कूलरचा धातूचा भाग) नीट टेकलेला नाही किंवा त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली उष्णतावाहक थर्मल पेस्ट असमान पसरली आहे, असे समजावे. तापमान दहा-पंधरा मिनिटे हळूहळू चढत राहिले, तर कॅबिनेटची बाजूची प्लेट काढून पुन्हा मोजावे. पाच-सहा अंशांचा फरक पडला, तर गरम हवा आतच कोंडते आहे. पेस्ट बदलताना एक काळजी अवश्य घ्यावी. एएम४ सॉकेटमधील (मदरबोर्डवरील खाचेतील) प्रोसेसर पिनांचा असल्याने हीटसिंक सरळ वर ओढला तर प्रोसेसरही त्याला चिकटून बाहेर येऊ शकतो, म्हणून संगणक थोडा वेळ भाराखाली चालवून पेस्ट मऊ करावी, वीज बंद करावी आणि मग हीटसिंक अलगद डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा.

हे सगळे ठीक असेल, तर उपाय व्होल्टेजमध्येच आहे. प्रोसेसरला लागणारी वीज साधारणपणे वेग आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराप्रमाणे वाढते; म्हणजे व्होल्टेज १.३५ व्होल्टवरून १.२० व्होल्टवर आणले, तर वेग तोच राहूनही ही वीज सुमारे एक पंचमांशाने घटते. सगळे कोअर ४.७ गिगाहर्ट्झवर कायमचे बांधून ठेवण्याची पद्धत मला या प्रोसेसरसाठी अजिबात पटत नाही, कारण त्यात पूर्ण भाराच्या वेळी व्होल्टेज अवाच्या सवा द्यावे लागते. त्याऐवजी मी पीबीओ या एएमडीच्या स्वयंचलित ओव्हरक्लॉकिंग (वेग वाढवण्याच्या) सुविधेतील कर्व्ह ऑप्टिमायझर वापरला, ज्यात प्रत्येक कोअरचे व्होल्टेज वेगळे कमी करता येते आणि एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट असते. एएमडीच्या रायझन मास्टर या सॉफ्टवेअरमध्ये सर्वोत्तम म्हणून खूण केलेल्या दोन कोअरना मी उणे १० पायऱ्यांवर आणि बाकीच्यांना उणे २० वर ठेवले, आणि पीपीटी १२० वॅट केली. या बदलांनंतर मे महिन्यातल्या दुपारी, खोलीत ३५ अंश असतानाही, रेंडरिंगच्या वेळी तापमान ७८ ते ८० अंशांवर स्थिर राहिले, आणि रेंडरच्या वेळेत जाणवण्याजोगा फरक पडला नाही.

स्थिरता तपासताना सगळ्या कोअरवर पूर्ण भार टाकणाऱ्या सिनेबेंच या चाचणीवरच केवळ विसंबू नये. व्होल्टेज गरजेपेक्षा कमी झाले असेल, तर संगणक पूर्ण भाराखाली निर्धोक चालतो आणि नुसता ब्राउझर उघडा असताना अचानक रीस्टार्ट होतो, कारण एकेकटा कोअर सर्वाधिक वेग अशा हलक्या कामातच गाठतो. अशा वेळी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत व्हीआ-लॉगरची (WHEA-Logger, हार्डवेअरमधील चुका नोंदवणारा भाग) १८ क्रमांकाची नोंद सापडते. एकेका कोअरची पाळीपाळीने चाचणी घेणारे कोअरसायकलर हे साधन रात्रभर चालवले, तर नेमका कोणता कोअर डळमळतो ते कळते आणि तेवढाच चार-पाच पायऱ्या वर घेता येतो.

आमच्याकडे उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांचा डेझर्ट कूलर चालतो. त्याने खोली थंड होते, पण ओलसर हवेत धूळ हीटसिंकच्या पात्यांवर घट्ट बसते, म्हणून कॅबिनेट त्याच्या झोतापासून दूर ठेवावे आणि पुढची जाळी दर पंधरवड्याला ब्रशने झाडावी. ब्राउझरमध्ये एखादे पान उघडले तरी तापमान क्षणभर दहा-पंधरा अंशांनी उसळते, ही या प्रोसेसरची सवय मात्र अजून तशीच आहे. बायोसमध्ये पंख्याचा वेग बदलण्यास काही सेकंदांचा विलंब दिल्यापासून पंख्याची ती सततची घरघर थांबली आहे.